पुढच्या दारानं जाऊया

उसाचे ट्रॅक्टर परवापासून सुरू झाले. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या, आणि टपावरच्या कर्ण्यातून गाणं इतकं मोठं की ट्रॅक्टर उचगावच्या फाट्यावर असतानाच आमच्या मांडणीवरची ताटं थरथरायला लागतात. दारातला आकाशकंदील अजून उतरवलेला नाही. सकाळी गारवा असतो आणि दुपारी कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोडसर, जरा करपट वास येतो. आमच्याकडे हंगाम सुरू झाल्याचं कॅलेंडर सांगत नाही, हा वास सांगतो.

पूर्वी हा वास आला की मला गरम काकवी आणि भाकरी आठवायची. आता वास आला की मी आधी एक खोल श्वास घेऊन बघते. कुठं अडतो का, डाव्या बरगडीखाली काही टोचतं का, शेवटाला खोकला येतो का. मग दुसरा घेते. पहिल्यावर विश्वास नसतो म्हणून.

उद्या अकरा वाजता डॉक्टरांकडे जायचंय. स्कॅन मागच्या आठवड्यात झाला. रिपोर्टचं पाकीट कपाटात माझ्या साड्यांवर ठेवलंय. ते चिकटवलेलंही नाही, नुसतं दुमडलंय. चार दिवसांत आम्ही दोघांपैकी कुणीही ते उघडलेलं नाही. साडी काढताना मी ते उचलते, बाजूला ठेवते, साडी काढते आणि पुन्हा जागेवर ठेवते. दर तीन महिन्यांनी हे असंच चालतं. माझ्या आजाराचं सगळ्यात अवघड अंग कोणतं असं कुणी विचारलं, तर मी सुईचं नाव घेणार नाही. हे चार दिवस सांगेन.

तीन वर्षांपूर्वी आषाढात मला खोकला सुरू झाला. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढून गेल्यावर मी फळ्याकडे तोंड करून उगीचच तारीख लिहीत उभी राहायची, धाप मुलांना दिसू नये म्हणून. पुढं छातीत पाणी झालं. छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीच डोळ्यांसमोर येतो, तसा आला. त्याच्या गोळ्या दिवाळीपर्यंत घेतल्या. पाणी काढलं की पुन्हा भरायचं. शेवटी आमच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं.

त्या हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत नाव आहे आणि त्या नावात ‘कॅन्सर’ हा शब्द आहे.

माझे मिस्टर, विलास, उद्यमनगरात लेथ मशीन चालवतात. बोलायला कमी, हातानं काम करणारा माणूस. त्यांनी मला पहिल्या दिवशी मागच्या गल्लीनं नेलं. तिथं हॉस्पिटलचं स्वयंपाकघर आहे, बाहेर सिलेंडरच्या टाक्या, दोरीवर ओल्या चादरी. चादरी बाजूला सारत आम्ही आत गेलो.

“पुढं पार्किंगला जागा न्हाय,” ते म्हणाले.

आम्ही रिक्षानं आलो होतो. रिक्षाला कसलं पार्किंग, असं मी विचारलं नाही.

सुईनं गाठीचा तुकडा काढला तेव्हाही मागचं दार. रिपोर्ट आणायला गेलो तेव्हाही मागचं दार. “काय न्हाय गं, बारकी गाठ हाय. औषधानं जाईल,” असं ते सांगायचे आणि माझ्याकडे न बघता रिक्षावाल्याशी बोलायला लागायचे. घरी फोन आला की चप्पल घालून अंगणात जायचे. पुण्याहून लेक, पूर्वा, अचानक आली आणि म्हणाली सुट्टी उरली होती. शेजारी न्यूमोनिया म्हणून कळवलं गेलं. नातेवाईक शहाळी घेऊन यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि हवामानावर बोलायचे.

मी ती निळी अक्षरं पहिल्याच दिवशी वाचली होती. रिक्षा गल्लीत वळायच्या आधी, चौकात सिग्नलला थांबली तेव्हा. तीस वर्षं अक्षरं शिकवणाऱ्या बाईपासून माझा नवरा अक्षरं लपवायला निघाला होता.

आठ दिवस मी माहीत नसल्याचं सोंग केलं. ते माझ्यासमोर सोंग करत होते, मी त्यांच्यासमोर. घरात तिघं माणसं आणि तिघांनाही एकच गोष्ट माहीत, पण भाजीत मीठ जास्त झालंय का यावर आम्ही पंधरा पंधरा मिनिटं बोलत होतो. असं वागताना जो थकवा येतो, तो आजाराचा नसतो. मला रडायचं होतं आणि रडायला कारण हवं होतं. कारण तर माझ्यापासून लपवून ठेवलेलं. एकदा कांदा चिरताना रडून घेतलं.

नवव्या दिवशी केमोसाठी जायचं होतं. त्यांनी मला ‘ताकदीचं सलाईन’ असं सांगितलं होतं. विलास पायरीवर बसून बूट घालत होते. मी पर्स घेतली, दाराला कडी घातली आणि म्हटलं, “अहो, आज पुढच्या दारानं जाऊया. मागनं लांब पडतंय मला. दम लागतोय.”

एक बूट पायात आणि एक हातात, असे ते बसून राहिले.

“कधी कळलं तुला?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही एवढ्या लांबून फिरवून आणत होता मला. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. त्या दिवशी हातातला बूट छातीशी धरून ते रडले. बूट पॉलिश केलेला होता. शर्टाला काळा डाग पडला आणि तसाच शर्ट घालून ते माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या पुढच्या दारानं आत आले.

शब्द एकदा घरात आला की त्याच्यामागं प्रश्न येतात. फुप्फुसाचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. “बाई, मिस्टर ओढत होते का?” नाही म्हटलं की माणसं अस्वस्थ व्हायची. कारण सापडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. मग कुणी माहेरची चूल काढायचं, कुणी उदबत्त्या, कुणी शाळेतला खडू. कारण सापडलं की ते आपल्या घरात नाही ना एवढं मनात बघून घ्यायचे आणि सुटल्यासारखे उठायचे. मला राग यायचा. पण त्या रागाच्या तळाशी एक गोष्ट मी घट्ट धरून होते, की माझी काही चूक नाही. या आजाराच्या वाटेला मी गेलेच नव्हते. तेवढाच एक खांब होता माझ्याजवळ, आणि त्याला धरून मी जे केलं ते आता सांगते.

केमोच्या खोलीत सहा खुर्च्या होत्या, मागं रेलता येणाऱ्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत दत्तूआप्पा असायचे. गडमुडशिंगीचे शेतकरी, पासष्टीच्या पुढचे, अंगानं काटक, पांढरा लेंगा आणि टोपी. जन्मभर गुऱ्हाळावर गुळव्याचं काम केलेलं, म्हणजे उकळत्या रसाची काहील नेमकी कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. बिडी तेराव्या-चौदाव्या वर्षापासून. त्यांच्याबरोबर त्यांची बायको, हौसाक्का, मांडीवर डबा धरून बसायची. आमच्या दोघांच्या तारखा एकवीस एकवीस दिवसांनी एकत्रच यायच्या.

सिस्टरनं पहिल्यांदा त्यांच्या हाताला सलाईन जोडलं तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, “हं, सोडा पानी पाटाला!” सगळी खोली हसली. मीसुद्धा. त्या खोलीत हसणं ऐकू येतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या खेपेला माझी एक सहशिक्षिका भेटायला आली. तिनं तोच प्रश्न विचारला. “तुम्हाला कसा काय झाला हो?” मी खूप दमलेली होते आणि चिडलेली होते. मी म्हटलं, “तेच कळत नाही ना. मला बिडीचा वाससुद्धा सहन होत नाही. ओढणाऱ्यांना झाला तर समजू शकते मी.”

ती गेली. आप्पा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

“म्हंजे आमास्नी झाला ते बराबर. आसंच की न्हाय, बाई?”

डोळे मिटलेलेच होते. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. हौसाक्कानं डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. माझं सलाईन संपायला अजून दोन तास होते. शेजारी शेजारी बसून आम्ही ते दोन तास काढले. मला ‘चुकलं’ एवढं म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला, तिथं आधीच लोखंडाची चव होती, आणि मी तो गिळला.

केमोत काय होतं हे विचारणाऱ्यांना मी तेव्हा नीट सांगत नसे. पहिले दोन दिवस औषधाचा तरतरीतपणा असतो, माणूस कपाट आवरायला काढतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी खुंटी काढून घेतल्यासारखं अंग खाली पडतं. पाणी तांब्याच्या नाण्यासारखं लागतं. फोडणीचा वास आला की पोटात पीळ पडतो. पूर्वा आली की गॅलरीत जाऊन इंडक्शनवर मऊ भात करायची आणि दार लावून घ्यायची. श्वासाचं वेगळंच. निरोगी माणसाला श्वास घेतोय हे ठाऊकच नसतं. मला प्रत्येक श्वास ठाऊक असायचा. न्हाणीघरापासून पलंगापर्यंत सतरा पावलं, मध्ये एकदा भिंत. औषध लागू पडतंय की आजार वाढतोय, हे आतून कळायला काही मार्ग नसतो. दोन्हींत तेवढंच दमायला होतं.

पुढच्या खेपेला आप्पा काही झालंच नाही असं बोलले. “काय बाई, हाय नव्हं समदं ठीक?” त्यांच्या भुवया गळल्या होत्या, त्यामुळं चेहरा सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. हौसाक्कानं मला आलेपाकाची वडी दिली. “चगळा. वकारी थांबती.” मी चघळली. ओकारी खरंच थांबली. माफी मागायची मात्र राहिली.

माझ्या गाठीचा तुकडा आणखी एका तपासणीला पाठवला होता. तो रिपोर्ट तिसऱ्या केमोच्या दिवशी आला. डॉक्टर बाई स्वतः खोलीत आल्या, माझ्या खुर्चीजवळ उभ्या राहिल्या. “तुमच्या गाठीवर गोळी लागू पडेल असं दिसतंय. पुढच्या महिन्यापासून केमो बंद करू. रोज एक गोळी.” विलासनी माझा खांदा इतका जोरात दाबला की दुखला. मी हसत होते बहुतेक.

“आनि माज्या?” शेजारून आवाज आला.

डॉक्टर वळल्या. “आप्पा, तुमच्या गाठीचा प्रकार वेगळा आहे. तिला ही गोळी चालत नाही.”

“मग मला येक सांगा. ह्या सुयांनी मी बरा हुनार का न्हाय? गोल गोल बोलू नगा.”

डॉक्टर बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. उभ्यानं उत्तर दिलं नाही, हे मला अजून आठवतं.

“पूर्ण बरं नाही होणार, आप्पा. वाढ काही दिवस थांबेल. दम कमी लागेल. थोडे महिने जास्त मिळतील.”

“ते म्हैनं ह्या खुर्चीत घालवायचं, का माज्या रानात?”

“दोन्हीकडं जातील. थोडे इथं, थोडे तिथं. काय निवडायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही काहीही ठरवलं तरी मी तुम्हाला सोडणार नाही. दुखायला लागलं, दम लागला, तर यायचं.”

आप्पांनी मान हलवली. हौसाक्का त्यांच्याकडं बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या तारखेला मी गोळी सुरू झाल्यानंतरच्या तपासणीला गेले, तेव्हा आप्पांची खुर्ची रिकामी होती. त्यांनी सुया बंद केल्याचं सिस्टरनं सांगितलं.

खरं सांगायचं तर मला त्यांच्या काळजीपेक्षा राग जास्त आला. मी एवढी झगडतेय आणि हा माणूस उठून गेला. त्याचं उठून जाणं म्हणजे आपण सगळे उगीच बसलोय असं कुणी सांगितल्यासारखं. आठवडाभर तो राग घेऊन बसले आणि मग विलासना म्हटलं, मला गडमुडशिंगीला न्या. परत बोलावून आणते त्यांना.

माघ सुरू झाला होता. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागं आमची रिक्षा तासभर रांगत होती. आप्पांच्या रानात गुऱ्हाळ पेटलं होतं. धूर सरळ वर जात होता, पण मी रिक्षातून उतरले आणि मला ठसका लागला. मी बांधावरच थांबले. लांबून आप्पा दिसले. काहिलीपासून चांगलं अंतर ठेवून, खुर्चीवर, अंगावर घोंगडं. दुसरा गुळव्या काम करत होता आणि आप्पा नुसता हात वर करून त्याला थांब, आता नको, असं दाखवत होते. मग एकदम हात खाली केला. माणसांनी काहील उचलून रस निववायच्या वाफ्यात ओतली. पिवळाधमक रस पसरत गेला. आप्पा त्या रसाकडं असे बघत होते की मी काय बोलायला आलेय ते मला क्षणभर आठवेना.

ते काठी टेकत माझ्याकडे आले, मागोमाग हौसाक्का. वीस पावलांना तीनदा थांबले. “वारं हिकडनं हाय. हितं बसा, धूर येत न्हाय.”

मी पाठ करून आणलेलं सगळं बोलले. अर्धवट सोडू नका, डॉक्टर एवढं म्हणतायत, घरच्यांचा विचार करा. त्यांनी ऐकून घेतलं.

“बाई, त्यो तिसरा, चवथा, पाचवा दिस. इस्तू पिल्यागत हुतंय. आठ दिस त्यात जात्यात. मग आठ दिस माणसात येतोय तवर पुन्ना तारीख. मला पोटभर बोलाय बी गावंना झालंय हिच्याशी.” त्यांनी हौसाक्काकडं हात केला. “मी भ्यालो म्हणून सोडलं न्हाय. भ्या तर हायच की. सुई घिऊन बी हाय, न घिऊन बी हाय. पर तुमी सोडू नगा. तुमाला गोळी घावलीया. माजी गोष्ट तुमाला लावू नगा.”

मग मी म्हटलं, “आप्पा, त्या दिवशी मी जे बोलले...”

“लागलं की,” ते लगेच म्हणाले, जणू दीड महिना तेवढ्याचीच वाट बघत होते. “लई लागलं. पर खोटं न्हवतं. बिडी मीच वडली. कुनी तोंडात घातली न्हाय.”

“व्हय, घातली,” हौसाक्का म्हणाली. “लग्नाच्या पयल्या वर्साला ह्यास्नी कामातनं उसंत नसायची. चुलवानातली पेटती काडी घिऊन मीच बिडी लावून द्याची. आवडायचं मला. लोकं हसायची.” आणि ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली. आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. त्यांनाही हे नवीन होतं, की चाळीस वर्षांपूर्वीचं ते कौतुक ही बाई गुन्हा म्हणून पोटात घेऊन फिरतेय.

“खुळी का काय तू,” ते म्हणाले. “आगं, तू दिली नसतीस तर मी इस्तवात हात घालून पेटवली आसती.”

मी तिथं बसून माझा खांब हातातून सोडला. ओढणारा, न ओढणारी, काडी लावून देणारी. कारण सापडलं काय आणि न सापडलं काय, बांधावर बसलेल्या आम्हा तिघांचाही दम अडकलेलाच होता. मी हौसाक्काच्या पाठीवरून हात फिरवला आणि आप्पांना म्हटलं, “माझं चुकलं. तुम्हाला झाला तेही बरोबर नाही.”

“आसं म्हना की,” ते म्हणाले.

मला इथं थांबायला आवडलं असतं. रानातलं शांत मरण लिहायला सोपं असतं. तसं झालं नाही. फाल्गुनात हौसाक्काचा फोन आला. आप्पांना आडवं होता येत नव्हतं, बसूनच झोपायचे. आणि दोन दिवस ते म्हणत होते, “न्या मला. सुई लावा. माजं चुकलं.” ज्या माणसानं एवढं ठामपणे ठरवलं होतं, तोही श्वास कोंडल्यावर मागं वळून बघत होता. डॉक्टर बाईंनी दिलेला शब्द पाळला. त्यांना दाखल करून घेतलं. आता केमो देण्यात अर्थ नाही हे त्यांनी आप्पांनाच सांगितलं, छातीतलं पाणी काढलं, दम कमी वाटायचं औषध दिलं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. “बाई, गोळी घेतली आज?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. चार दिवसांनी ते गेले. हौसाक्का म्हणाली, शेवटचा दिवस झोपेतच गेला, तोंड वाकडं झालं नव्हतं.

त्यांनी बरोबर ठरवलं की चूक, हे मी पुष्कळ दिवस घोळवलं. आता नाही घोळवत. त्या दोन दिवसांवरून आधीचा दीड महिना खोटा ठरत नाही, आणि त्या दीड महिन्यावरून ते दोन दिवसही खोटे ठरत नाहीत.

माझी गोळी चालू राहिली. चेहऱ्यावर पुरळ आलं, नखांच्या कडा चिरल्या, खडू धरताना बोट झोंबायचं. पण मी दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढले. उन्हाळ्यात आमरस खाल्ला. पूर्वाचं लग्न ठरलं, झालं. लोक म्हणायचे, “बऱ्या झालात की!” मी हसायचे. बरी झाले नव्हते. आजार खोलीच्या कोपऱ्यात बसला होता आणि मी त्याच खोलीत झाडलोट करत होते.

आता कपाटात ते पाकीट आहे. ट्रॅक्टर जातायत. विलास बाहेर गाडी पुसतायत, काल पुसलेली.

वरचं लिहून झालं त्याला आज बारा दिवस झाले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डॉक्टरांनी पाकीट उघडलं. फिल्म उजेडावर धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. मग त्या विलासकडे बघून बोलायला लागल्या. मी म्हटलं, “डॉक्टर, माझ्याकडे बघून सांगा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. उजव्या बाजूला नवीन दोन ठिपके आहेत. जुनी गाठही थोडी वाढलीय. गोळीचं काम संपत आलंय. पुन्हा एक तुकडा काढून बघायचा, दुसरी गोळी चालते का ते ठरायला वेळ लागेल, तोवर केमो पुन्हा सुरू करायची.

“आणि नाही केली तर?” मी विचारलं.

विलासनी माझ्याकडे झटकन बघितलं. मी त्यांचा हात धरला. तीन वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. विचारला तर आपण हरलो असं मला वाटायचं. डॉक्टर बाईंनी सरळ उत्तर दिलं, काय होईल, साधारण कसं होईल, कशाला उपाय आहे, कशाला नाही. मी सगळं ऐकलं. घरी आल्यावर दोन दिवस आम्ही बोललो. पूर्वाला फोनवर सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती रडली, मी तिला रडू दिलं. मग मी ठरवलं. घ्यायची. चार घेऊन बघायच्या. मला नको झालं तर मी सांगेन आणि तेव्हा कुणी मला समजवायला यायचं नाही. विलास म्हणाले, “समजवणार की. पण ऐकीन तुजं.”

काल गेलो. खोली तीच, खुर्च्या नव्या आल्यात, भिंतीला फिकट हिरवा रंग. खिडकीशेजारी एक बाई बसली होती, पस्तीस-छत्तीसची, नवा मास्क, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. बरोबरचा माणूस खाली औषधं आणायला गेला असावा. शेजारची एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्या बाईची पिशवी होती.

“पहिली वेळ का?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. “लई दुखतंय का हो?”

“सुई टोचताना थोडं. आज काही वाटणार नाही. तिसऱ्या दिवशी फार वाईट वाटेल, तेव्हा घाबरायचं नाही, ते ठरलेलं असतं. सहाव्या-सातव्या दिवशी आमटीला चव येते.”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पुढचा प्रश्न तिच्या डोळ्यांत आधी आला, मग ओठांवर.

“तुमी बऱ्या झालाय न्हवं?”

मागं विलास उभे होते. त्यांचा श्वास थांबलेला मला कळला. हो म्हणणं किती सोपं होतं. तिला आणि मला, दोघींनाही तेवढा दिवस बरा गेला असता.

“नाही,” मी म्हटलं. “मधली अडीच वर्षं चांगली गेली. आता दुसऱ्यांदा आलेय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली, खाली पायाशी ठेवली आणि म्हणाली, “बसा.”